अल्बममधील रिकामी चौकट

आपल्यापैकी अनेकांच्या घरी कपाटाच्या खालच्या कप्प्यात किंवा जुन्या पत्र्याच्या पेटीत एक अल्बम जपून ठेवलेला असतो. कोणाकडे पोस्टाची तिकिटे असतात, कोणाकडे काडेपेटीवरचे छाप, कोणाकडे जुनी नाणी, तर कोणाकडे बबलगमच्या वेष्टनात मिळणारी क्रिकेटपटूंची चित्रे. अल्बम उघडला की पाने भरलेली दिसतात. तरीही डोळा थांबतो तो एखाद्या रिकाम्या चौकटीवरच. तेवढे एक मिळाले की संच पूर्ण होणार असतो, आणि नेमके तेच पन्नास-साठ वर्षे मिळालेले नसते.

घरातील तरुण मंडळींना ही गोष्ट क्षुल्लक वाटते. ‘एवढ्याशा कागदासाठी काय जीव टाकता?’ असे ती सहज बोलून जातात. वसई परिसरात गेली अनेक वर्षे वैद्यकीय व्यवसाय करताना मात्र या क्षुल्लक गोष्टीकडे मी अधिक आदराने पाहू लागलो आहे. उतारवयात माणसाला औषधांइतकीच गरज असते ती उद्या उठून करण्याजोग्या एखाद्या कामाची. ती रिकामी चौकट हे काम पुरवू शकते. प्रस्तुत लेख वृद्ध वाचकांसाठी आहे, आणि त्यांची काळजी वाहणाऱ्या मुला-सुनांसाठी, लेकी-जावयांसाठीही आहे.

दहा रुपयांचे बापू

आपल्याकडील तिकीट-संग्राहकांच्या एका संपूर्ण पिढीची रिकामी चौकट एकच होती. १५ ऑगस्ट १९४८ रोजी, स्वातंत्र्याच्या पहिल्या वर्धापनदिनी, भारतीय टपाल खात्याने महात्मा गांधींच्या स्मरणार्थ चार तिकिटांचा संच काढला. दीड आणा, साडेतीन आणे, बारा आणे आणि दहा रुपये अशा त्यांच्या किमती होत्या. तिकिटांची छपाई स्वित्झर्लंडमधील कुर्वाझिए या छापखान्यात झाली होती. त्यांवर ‘बापू’ हा शब्द देवनागरी आणि उर्दू अशा दोन्ही लिप्यांत होता. गांधीजींच्या हत्येला तेव्हा जेमतेम साडेसहा महिने झाले होते. त्यामुळे ही तिकिटे पुष्कळ घरांत देव्हाऱ्यातील तसबिरीसारखी जपली गेली.

कमी किमतीची तिकिटे पत्रांवरून घरी येत. मुले ती कोमट पाण्यात भिजवून सोडवीत आणि वहीत चिकटवीत. दहा रुपयांचे तिकीट मात्र सामान्य कुटुंबाच्या टपालात येण्याचा संभवच नव्हता. त्या काळी दहा रुपयांत घरातील कितीतरी खर्च भागत असे, तेवढे पैसे मुलाच्या हातात तिकिटासाठी कोण देणार? म्हणून हजारो वह्यांत तीन बापू विराजमान झाले आणि चौथ्याची जागा मोकळी राहिली. आज ऐंशीच्या घरात असलेल्या अनेक वाचकांना ती जागा अजून आठवत असेल.

याच संचाची एक आणखी दुर्मीळ आवृत्ती आहे. गव्हर्नर जनरलच्या कार्यालयासाठी काही मोजक्या तिकिटांवर ‘सर्व्हिस’ हा शब्द छापण्यात आला होता. त्यांतील दहा रुपयांचे तिकीट हे स्वतंत्र भारताच्या सर्वांत दुर्मीळ तिकिटांपैकी एक मानले जाते. ते आपल्या हाती लागणार नाही, हे संग्राहक जाणून असतात. साधे दहा रुपयांचे तिकीट मात्र प्रयत्नाने मिळू शकते. मिळणे अवघड, पण अशक्य नाही, अशी ही मधली अवस्था मनाला बांधून ठेवते.

आजोबांचे तिकीट, नातवाचे कार्ड

ही ओढ आपल्याच पिढीची किंवा आपल्याच देशाची आहे, असे समजू नका. १९०९ ते १९११ या काळात अमेरिकन टोबॅको कंपनी सिगारेटच्या पाकिटांतून बेसबॉलपटूंची लहान चित्रकार्डे देत असे. त्यांतील होनस वॅगनर या खेळाडूचे कार्ड अगदी थोडे छापले गेले आणि लवकरच थांबले. त्यामुळे तो संच पूर्ण करणे पुढच्या पिढ्यांना जवळजवळ अशक्य झाले. २०२२ मध्ये या कार्डाची एक प्रत बहात्तर लाख पन्नास हजार डॉलरना विकली गेली. कागद तोच, शाई तीच, वाढले ते फक्त दुर्मीळपणाचे मोल.

आज आपल्या नातवाच्या दप्तरात पोकेमॉनची किंवा क्रिकेटपटूंची कार्डे असतील. बंद पाकिटात कोणते कार्ड निघेल हे ठाऊक नसते. हवे ते कार्ड निघत नाही म्हणून मूल आणखी एका पाकिटासाठी हट्ट धरते, आणि आजी-आजोबा त्रासतात. क्षणभर थांबून पाहा. शाळेच्या मधल्या सुट्टीत ‘माझ्याकडे हे दोन आहेत, तुझ्याकडे ते आहे का?’ असे विचारत आपणही फिरलो होतो. तिकिटांऐवजी कार्डे आली, एवढाच काय तो फरक. नातवाच्या आणि आपल्या आयुष्यात समान असे फार थोडे उरलेले असते. ही त्यांपैकी एक गोष्ट आहे, ती हातची जाऊ देऊ नका.

एक पथ्य मात्र अवश्य पाळावे. पाकिटामागून पाकिटे विकत घेत राहणे ही जुगाराच्या जवळ जाणारी सवय आहे. जादा कार्डांची देवाणघेवाण करणे ही मैत्रीची सवय आहे. नातवाला दुसरी शिकवावी. ती शिकविण्यास आजोबांइतका अनुभवी गुरू दुसरा मिळणार नाही.

शोध मनाला काय देतो?

वैद्यकशास्त्र याबाबत काय सांगते, ते अतिशयोक्ती न करता पाहू. २०२३ मध्ये ‘नेचर मेडिसिन’ या नियतकालिकात एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात १६ देशांतील ६५ वर्षे व त्यावरील ९३,२६३ व्यक्तींची माहिती एकत्र केली होती. ज्यांना एखादा छंद होता, त्यांच्यात औदासीन्याची लक्षणे कमी आढळली, तसेच आनंद, समाधान आणि स्वतःच्या प्रकृतीविषयीचे मत अधिक चांगले आढळले. अशा अभ्यासातून संबंध दिसतो, कारण पूर्णपणे सिद्ध होत नाही. छंद असल्यामुळे माणूस निरोगी राहतो, आणि निरोगी माणूसच छंद जोपासू शकतो, या दोन्ही गोष्टी खऱ्या असू शकतात.

तिकिटे जमविल्याने स्मृतिभ्रंश टळतो, असे मी आपणांस सांगणार नाही. तसा पुरावा नाही. भारतात साठ वर्षांवरील लोकांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण सुमारे ७.४ टक्के असल्याचा अंदाज आहे, म्हणजे ही समस्या लहान नाही. २०२४ मध्ये लॅन्सेट आयोगाने स्मृतिभ्रंशाचा धोका वाढविणारे, परंतु आटोक्यात आणता येण्याजोगे चौदा घटक सांगितले. त्यांत उच्च रक्तदाब, मधुमेह आणि धूम्रपान यांच्याबरोबरच एकाकीपणा, औदासीन्य, ऐकू कमी येणे आणि उपचार न केलेली अधू दृष्टी यांचाही समावेश आहे. या यादीतील शेवटच्या चार गोष्टींकडे पाहिले की छंदाचे महत्त्व लक्षात येते. संग्राहक एकटा राहू शकत नाही. त्याला कोणाला तरी पत्र लिहावे लागते, दूरध्वनी करावा लागतो, प्रदर्शनाला जावे लागते. बारीक अक्षरे वाचायची असल्याने तो मोतीबिंदूची तपासणीही वेळेवर करून घेतो.

शोध चालू असताना मन पुढच्या दिवसाशी जोडलेले राहते. वस्तू हाती येण्यापूर्वीची उत्कंठा आणि ती मिळाल्यावरचा आनंद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि मेंदूला कामास लावण्यात उत्कंठेचा वाटा मोठा असतो. याशिवाय प्रत्येक तिकिटामागे आठवण असते. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ रॉबर्ट बटलर यांनी १९६३ मध्ये असे मांडले की म्हातारपणी गतकाळाकडे वळून पाहणे हे भ्रमिष्टपणाचे लक्षण नसून आयुष्याचा हिशोब लावण्याची ती स्वाभाविक क्रिया आहे. तोवर ‘जुन्यात रमणे’ हा दोष समजला जात असे. अल्बम हे त्या हिशोबाचे सोपे साधन होय.

एका कुटुंबाचा अनुभव

माझ्या परिचयातील एका कुटुंबाचा अनुभव येथे सांगतो. त्यांची ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. पत्नीच्या निधनानंतर ऐंशी ओलांडलेले एक निवृत्त गृहस्थ हळूहळू अबोल झाले. जेवण कमी झाले, वजन उतरले, पहाटे तीनला जाग येऊ लागली. रक्ताच्या तपासण्यांत विशेष काही आढळले नाही. त्यातच इमारत पुनर्विकासाला जाणार होती आणि सामान कमी करण्याची घाई सुरू झाली होती. ‘बाबा पूर्वी रोज दुपारी तिकिटांची वही घेऊन बसत, आता तिला हातही लावत नाहीत,’ असे सुनेने सहज बोलताना सांगितले. निदानाच्या दृष्टीने ते वाक्य फार मोलाचे होते.

औदासीन्यावर उपचार सुरू झाले. तेवढ्याने भागणार नव्हते. सामान आवरताना ती वही नातीच्या हाती लागली. एका पानावर तीन बापू होते आणि चौथ्या जागी शिसपेन्सिलीने ‘रु. १०’ असे लिहिलेले होते. तिने विचारले, ‘आजोबा, हे कुठे आहे?’ ते उत्तर देत नसत, पण त्या दिवशी त्यांनी दिले. दोघां भावांनी मिळून ती वही सुरू केली होती. चौथे तिकीट मी आणीन, असा थोरल्याने शब्द दिला होता. थोरला भाऊ पुढे फार लवकर गेला. ही गोष्ट त्यांनी घरात कधी कोणाला सांगितली नव्हती.

मुलाने तत्परतेने मोबाइल काढला आणि म्हणाला, ‘बाबा, आत्ता मागवतो, परवा घरी येईल.’ त्यांनी हात वर करून त्याला थांबवले. तिकीट नुसते घरी येण्यात त्यांना रस नव्हता, ते त्यांना शोधायचे होते. मुलाला हे पटायला काही दिवस लागले, पण पटले.

पुढे वर्षभर तो शोध चालला. जुन्या स्नेह्यांना पत्रे गेली. नातीबरोबर मुंबईच्या जीपीओची फेरी झाली. एका विक्रेत्याने दाखविलेले तिकीट भिंगातून पाहून त्यांनी स्वतःच बाजूला सारले, छपाई संशयास्पद होती. अखेर एका जुन्या संग्राहकाकडून शिक्का पडलेली, एका कोपऱ्यात किंचित दुमडलेली प्रत त्यांना मिळाली. ती अल्बममध्ये कोणी लावावी, यावर घरात बराच वेळ चर्चा झाली. शेवटी आजोबांनी चिमटा नातीच्या हाती दिला.

त्यांचे औदासीन्य तिकिटाने बरे केले, असे मी म्हणणार नाही. औषधांचा वाटा होता, सुनेच्या दक्षतेचा होता, काळाचाही होता. परंतु औषधाची गोळी विसरणारा माणूस पत्राच्या उत्तराची वाट पाहत पोस्टमनची वेळ लक्षात ठेवू लागला, हे मी स्वतः पाहिले आहे. संच पूर्ण झाल्यावर काही दिवस त्यांना पुन्हा उदास वाटले. असे होणे स्वाभाविक असते, आणि घरच्यांनी त्याची तयारी ठेवावी. यावर त्यांनी स्वतःच उपाय शोधला. जवळची जादा तिकिटे काढून ती परिसरातील शाळकरी मुलांना एकेक करून देण्यास त्यांनी आरंभ केला. आता इतरांच्या रिकाम्या चौकटी ते भरत असतात.

संग्रह की साठवण?

येथे एक शंका रास्त आहे. ‘आमच्या घरी वीस वर्षांची वर्तमानपत्रे, प्लास्टिकच्या पिशव्या आणि रिकाम्या बाटल्या आहेत. हाही छंदच समजायचा का?’ नाही. संग्रह आणि अनावर साठवण यांत स्पष्ट भेद आहे. संग्राहक निवड करतो, वर्गवारी लावतो, आपल्याकडे काय आहे आणि काय नाही हे सांगू शकतो. येणाऱ्या-जाणाऱ्याला तो अभिमानाने संग्रह दाखवतो. साठवण करणाऱ्याला वस्तूंची निवड करता येत नाही, टाकून देण्याच्या कल्पनेनेच तो व्याकूळ होतो, आणि लाजेपोटी पाहुण्यांना घरात घेईनासा होतो. पलंग झोपण्यासाठी, ओटा स्वयंपाकासाठी किंवा बोळ चालण्यासाठी वापरता येईनासा झाला, की प्रश्न आरोग्याचा झाला असे समजावे.

२०१३ पासून अनावर साठवण हा स्वतंत्र मानसिक विकार म्हणून ओळखला जातो, आणि वयानुसार त्याची तीव्रता वाढते. आयुष्यभर नीटनेटक्या राहिलेल्या व्यक्तीत हे वर्तन उतारवयात एकाएकी सुरू झाले, तर स्मृतिभ्रंश किंवा औदासीन्य नाही ना, हे तपासून घ्यावे. अशा वेळी व्यक्ती बाहेर गेली असताना घर रिकामे करणे हा उपाय नव्हे. त्याने विश्वास तुटतो आणि साठवण पुन्हा सुरू होते. वैद्यकीय सल्ला घ्यावा आणि त्या व्यक्तीच्या संमतीने थोडे थोडे आवरावे. मनःस्वास्थ्याविषयी मोफत सल्ल्यासाठी शासनाची ‘टेलि-मानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध आहे.

खरा संग्रह असेल, तर तो मालकाला न विचारता रद्दीत घालण्याचा अधिकार घरातील कोणालाही नाही. पुनर्विकास, स्थलांतर, दिवाळीची साफसफाई अशा प्रसंगी हे विशेष लक्षात ठेवावे.

अल्बम सांगतो ती लक्षणे

काळजीवाहकांनो, अल्बम हा प्रकृतीचा आरसाही असतो. पुढील बदल दिसल्यास दुर्लक्ष करू नका.

• वर्षानुवर्षांची आवड दोन आठवड्यांहून अधिक काळ अचानक नकोशी होणे. सोबत झोप, भूक किंवा वजन कमी झाले असेल, तर औदासीन्याची शक्यता असते.

• आधी घेतलेलीच वस्तू पुन्हा पुन्हा विकत घेणे, परिचित वर्गवारी चुकणे, तिकीट भलत्याच देशाच्या पानावर लावणे.

• वस्तू स्वतः ठेवून विसरणे आणि ‘कामवालीने चोरली’, ‘सुनेने टाकली’ असा आळ घेणे. यावर वाद घालू नये, डॉक्टरांना सांगावे.

• चिमटा धरताना हात नव्याने थरथरणे, अक्षर बारीक होत जाणे.

• सरळ रेषा वाकडी दिसणे, चित्राच्या मध्यभागी डाग दिसणे. नेत्रतज्ज्ञांकडे विनाविलंब जावे.

स्मृतिभ्रंशाचे निदान झाले म्हणून अल्बम काढून घेऊ नये. मौल्यवान प्रती सुरक्षित ठेवाव्यात आणि साध्या, जादा वस्तूंची एक वेगळी पेटी हाताळण्यासाठी द्यावी. ‘हे कोणते?’ अशी परीक्षा घेऊ नये. ‘हे किती सुंदर आहे,’ एवढे म्हणून थांबावे. आठवण आली तर ती आपणहून बोलू लागेल.

शोधाला निघताना

*माळ्यावर चढू नका.* पेटी माळ्यावर आहे आणि घरात कोणी नाही, म्हणून स्टुलावर चढलेले आणि खुब्याचे हाड मोडून घेतलेले रुग्ण प्रत्येक डॉक्टरने पाहिलेले असतात. संग्रह कमरेपासून खांद्यापर्यंतच्या उंचीवर ठेवावा. जुलै २०१८ मध्ये वसई-नालासोपारा परिसर जलमय झाला होता, ते आपण विसरलेलो नाही. म्हणून तळमजल्यावर राहणाऱ्यांनी अगदी खालचा कप्पाही टाळावा.

*दमटपणा आणि धूळ.* आपल्या किनारपट्टीच्या हवेत पावसाळ्यात तिकिटांचा डिंक सुटतो आणि पाने चिकटतात. पानांमध्ये बटर पेपर व पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात, आणि अल्बम उभे ठेवावेत. बुरशी आलेला जुना गठ्ठा उघडताना मास्क वापरावा, खिडकी उघडी ठेवावी. दम्याच्या रुग्णांनी हे काम दुसऱ्याकडून करून घ्यावे. डांबरगोळ्या सर्रास वापरू नयेत. त्यांची वाफ आरोग्यास हितकर नाही, लहान मुले त्या गोळ्या समजून तोंडात घालतात, आणि ‘जी-६-पीडी’ या विकराची जन्मजात कमतरता असणाऱ्यांच्या तांबड्या पेशी त्यामुळे फुटू शकतात.

*डोळे, मान आणि पाय.* उजेड डाव्या बाजूने घ्यावा (डावखुऱ्यांनी उजव्या). भिंग स्टँडवर बसविलेले असावे, म्हणजे मान वाकत नाही. वीस-पंचवीस मिनिटांनी उठून घरात दोन फेऱ्या माराव्यात. मधुमेहींनी शोधाच्या नादात जेवणाची आणि औषधांची वेळ चुकवू नये.

*मुंबईची फेरी.* छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसजवळच्या जीपीओत तिकीट-संग्राहकांसाठी फिलाटेलिक ब्युरो आहे. घुमटाची ती भव्य इमारत १९१३ मध्ये पूर्ण झाली. ती पाहणे हाही सहलीचा भाग समजावा. वसई-विरारहून सकाळची गर्दी ओसरल्यावर निघावे आणि संध्याकाळची गर्दी सुरू होण्यापूर्वी परतावे. सोबत कोणी तरी असावेच. पाणी, दुपारची औषधे आणि घरच्यांचा क्रमांक लिहिलेली चिठ्ठी खिशात ठेवावी. चर्चगेटहून चालत जाण्याचा अट्टहास न करता टॅक्सी किंवा बस घ्यावी. नवीन तिकिटे घरपोच हवी असल्यास टपाल खात्यात फिलाटेलिक डिपॉझिट खाते उघडता येते. नातवंडे सहावी ते नववीत असतील, तर ‘दीनदयाळ स्पर्श’ या शिष्यवृत्तीची चौकशी अवश्य करावी. तिकीट-संग्रहाची आवड असणाऱ्या निवडक विद्यार्थ्यांना तीत वर्षाला ६००० रुपये मिळतात.

*फसवणुकीपासून सावध.* दुर्मीळ वस्तूच्या ओढीचा गैरफायदा घेणारे पुष्कळ आहेत. गांधी संचातील दहा रुपयांच्या तिकिटाच्याही बनावट प्रती बाजारात आहेत. ‘आजच पैसे पाठवा, नाहीतर दुसरा घेईल’ असे कोणी म्हणाले, की तेथेच थांबावे. मोठी खरेदी जाणकाराला दाखविल्याशिवाय करू नये. ‘तुमची जुनी नोट, जुने नाणे लाखोंना घेतो, आधी नोंदणी शुल्क भरा’ असा दूरध्वनी हमखास फसवणुकीचा असतो. ओटीपी कोणालाही सांगू नये. फसवणूक झालीच तर लाज न बाळगता तत्काळ १९३० या क्रमांकावर तक्रार करावी, जितका उशीर तितकी रक्कम परत मिळण्याची आशा कमी. घरच्यांनीही अशा वेळी बोलणी लावू नयेत. रागावल्यामुळे वृद्ध पुढच्या वेळी लपवितात, आणि नुकसान दुप्पट होते. निवृत्तिवेतनातील ठरावीक छोटी रक्कम छंदासाठी बाजूला काढावी, आणि तिच्या हिशोबाबद्दल घरात कोणी विचारू नये.

अपूर्ण राहिले तर?

रिकामी चौकट शेवटपर्यंत रिकामीच राहिली तर? आपल्याच भूमीतील एक उदाहरण पाहा. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी सोपारा येथे स्तूपाचे उत्खनन केले. तेथे सोने, चांदी, तांबे, स्फटिक आणि दगड यांचे अवशेष-करंडक सापडले. त्याच वर्षी सोपाऱ्यात सम्राट अशोकाच्या चौदा प्रमुख शिलालेखांपैकी आठव्या लेखाचा एक तुकडा मिळाला. पुढे १९५६ मध्ये जवळच्या भुईगावात आणखी एक तुकडा हाती लागला. दोन शोधांमध्ये चौऱ्याहत्तर वर्षांचे अंतर आहे. इतर लेख आजही मिळालेले नाहीत. संच अपूर्ण आहे, म्हणून त्या दोन तुकड्यांचे मोल उणावत नाही.

दुसरे उदाहरण पुण्याचे. ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणारे दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) यांनी आयुष्यभर गावोगाव हिंडून दिवे, अडकित्ते, वाद्ये, पेट्या, दारे अशा नित्याच्या वापरातील वस्तू जमविल्या. पत्नी कमलाबाईंनी त्यांना साथ दिली. संग्रहाला त्यांनी आपल्या अल्पवयात गेलेल्या मुलाचे, राजाचे नाव दिले, आणि वीस हजारांहून अधिक वस्तूंचा तो ठेवा १९७५ मध्ये महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. घरातील जी जागा कधीच भरून येणार नव्हती, तिच्या नावाने त्यांनी सर्वांसाठी घर उभे केले.

म्हणून वृद्ध वाचकांना माझी विनंती आहे की आपल्या संग्रहाविषयी एक कागद लिहून ठेवा. कोणती वस्तू कोठून आली, कोणी दिली, कोणती मिळाली नाही, आणि आपल्यानंतर संग्रह कोणाकडे जावा, हे त्यात असू द्या. घरात कोणाला आवड नसेल, तर शाळा, ग्रंथालय किंवा एखादा तरुण संग्राहक शोधा, आणि ते आपल्या हाताने, आपल्या हयातीत करा.

आणि मुला-मुलींना सांगणे इतकेच की, येत्या रविवारी तासभर काढा. अल्बम टेबलावर ठेवा, चष्मा पुसून द्या आणि विचारा, ‘यात कोणते मिळायचे राहिले आहे?’ मग मोबाइल बाजूला ठेवून उत्तर पूर्ण ऐका.